तिसरं कोटेशन

प्रेमला सावे पालघरच्या मूकबधिर शाळेत एकोणीस वर्षं कारकून होती. शाळा ट्रस्टची, ऑफिसात माणसं दोनच, त्यामुळे पत्रं टाइप करण्यापासून खरेदीपर्यंत सगळं तिच्या टेबलावर यायचं. संगणक घ्यायचा तर तीन दुकानांची बंद पाकिटातली कोटेशनं आणायची, त्यांचा तक्ता करायचा, कमिटीची सही घ्यायची. एक कोटेशन पालघरात मिळायचं, दुसरं मनोरला. तिसऱ्यासाठी ती बोईसरला नरहरी मगदूमच्या दुकानात जायची.

नरहरी सांगलीकडचा. तरुणपणी इथल्या कारखान्यात लागला, कारखाना बंद पडल्यावर त्यानं संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. बायको गावाकडे शेती बघायची, हा इथे एकटा. तीन वर्षांची दुरुस्ती तो किमतीतच धरायचा, म्हणून त्याचं कोटेशन नेहमी सगळ्यांत महाग.

"माझं काय लागत नाही, तरी तुम्ही येताय," तो हसून म्हणायचा.

"तिसरं लागतंच ना," ती म्हणायची.

मग तो तिला स्टूल द्यायचा, चहा सांगायचा आणि दोन बोटांनी कोटेशन टाइप करायला बसायचा. त्याला तासभर लागे. त्या तासात बोलणं व्हायचं. तिचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगा दिपेश सुरतेला. "दिपेशचा फोन आला काय?" हे तिला विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. पावसाळ्यात तिचा गुडघा सुजतो हेही त्याच्या लक्षात असायचं.

एका वर्षी शाळेला मुलांच्या बोलण्याच्या सरावासाठी आठ संगणक हवे होते. पहिल्या खेपेला एक पाकीट उशिरा आलं, म्हणून कमिटीनं तिन्ही परत केली. दुसऱ्या खेपेला कमिटी बसेपर्यंत दरांची मुदत संपली. असे दहा महिने गेले. शेवटच्या वर्गातली, सातवीतली हिरा मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दारात यायची, हवेत टाइप केल्यासारखी बोटं नाचवायची आणि भुवया उंचावायची. कधी? प्रेमला हातानंच सांगायची, येतील. संगणक आले तेव्हा हिरा सातवी होऊन गावी गेली होती.

ते प्रेमलाला फार लागलं. ती सरळ ट्रस्टचे कार्यवाह शैलेश राऊत यांच्यासमोर जाऊन बसली.

"सर, जिल्ह्यात आपल्यासारख्या अकरा संस्था आहेत. सगळ्या हेच घेतात आणि सगळ्या हेच भोगतात. एकदाच मिळून निविदा काढू. दर दोन वर्षांसाठी ठरवून टाकू. मग ज्याला लागेल त्यानं नुसतं पत्र द्यायचं, की वस्तू दारात."

राऊतांना पटलं. मसुदा त्यांनी तिलाच करायला सांगितला.

अकरा संस्थांचा एकत्र पुरवठा करणं नरहरीच्या दुकानाला झेपणार नाही, हे तिला पहिल्या पानालाच कळत होतं. अटी लिहिताना तिनं एक ओळ घातली: दुरुस्तीचं काम स्थानिक दुकानदाराकडे द्यावं. ओळ वाईट नव्हती. पण ती शाळेसाठी लिहिली की स्वतःसाठी, याचं उत्तर तिला देता येईना. दुसऱ्या दिवशी राऊतांनी विचारलं, "यात तुमचं काही सुचवणं आहे?" ती "नाही" म्हणाली. ओळ तिनं आधीच खोडली होती.

करार झाला. ठाण्याच्या एका कंपनीला काम मिळालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळेनं हेडफोन मागवले, ते नवव्या दिवशी आले. एक संगणक बंद पडला, तर दुसऱ्याच दिवशी माणूस येऊन नीट करून गेला. नाव ठेवायला जागा नव्हती.

प्रेमला राहायची चिंचणीला. रोज बोईसरला गाडीतून उतरून घरची बस धरायची. दुकान स्टँडपासून पाच मिनिटांवर. पण हातात कागद नसताना बाईमाणसानं तिथे जाऊन बसायचं कसं? चार महिने ती बसमध्ये चढत राहिली. दिवाळीच्या आधी एका शनिवारी मात्र तिनं बस सोडली.

नरहरीनं दर्शनी भागात मोबाइलची कव्हरं टांगली होती. तिला पाहून तो उठला.

"या, या! बसा की. काय काढायचंय?"

"काही नाही. आता ते एकत्रच होतं सगळं."

"ऐकलं. चांगलं केलंत."

ती स्टुलावर बसली. त्यानं चहा सांगितला. एरवी त्याची नजर पडद्यावर आणि बोटं बटणांवर असायची, ती टेबलाकडे बघायची, आणि बोलणं आपोआप निघायचं. आज दोघं समोरासमोर होते आणि काय बोलावं ते कुणालाच सुचत नव्हतं. दिपेशचं त्यानं विचारलं. तिनं "बरा आहे" म्हटलं. तेवढ्यात एक कामगार आला, "भैया, इसका काच डाल दो." नरहरी त्याच्या मोबाइलला काच लावू लागला. प्रेमलानं चहा संपवला, उगाच एक चार्जर विकत घेतला आणि ती उठली.

"काम निघालं की या," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

"येईन," ती म्हणाली. पण काम निघणार नव्हतं.

त्यानंतर ती गेली नाही. घरी ती आता रोजच साडेपाचला पोचायची. शेजारची इंदुबाई कुंपणापलीकडून विचारायची, "का गो, हल्ली लवकर येतंस? काम कमी झालं काय?" ती म्हणायची, "सोपं झालं."

जानेवारीत अकरा संस्थांनी तिचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. जेवणाच्या वेळी डहाणूच्या संस्थेतली मेघाली नावाची तरुण कारकून तिच्याशेजारी येऊन बसली.

"मॅडम, तुमच्यामुळे आमच्या किती खेपा वाचल्या. तुम्हाला किती फिरावं लागायचं हो?"

"खूप. मनोर, बोईसर... एकेका कागदासाठी अख्खी दुपार जायची."

"बाई गं! कंटाळा नाही यायचा?"

"नाही यायचा," म्हणत प्रेमलानं पुरी मोडली. मेघालीचा फोन वाजला, ती "आलेच हं" म्हणत बाहेर गेली आणि तिथेच कुणाशी तरी हसून बोलत राहिली. पुढचं सांगायला प्रेमला मेघालीच्या अर्धवट ताटाकडे बघत थांबली. मग सावकाश जेवू लागली.