हर्षालीचं औषध

छायाने पुडी फोडली, पावडर वाटीतल्या पाण्यात ढवळली आणि वाटी हातात घेऊन तशीच बसून राहिली. रोज या वेळेला औषध लेकीच्या, हर्षालीच्या पोटात गेलेलं असायचं. आज हातच पुढे होईना.

या औषधानेच पोरीला माणसात आणलं, हे कोण नाकारेल? त्याआधी फिट यायची ती अशी, की मळ्यात झेंडू तोडताना छाया झाडाला बांधलेल्या झोळीकडे बघायलाही धजायची नाही. औषध लागू पडलं आणि फिट बंद झाली. पोरगी चालायला लागली, भागुबाईला, म्हणजे छायाच्या सासूला, आजी म्हणून हाक मारायला लागली. आणि आता चालता चालता चौकटीला धडकते. कडेला ठेवलेल्या फुलांच्या पाटीत सरळ पाय घालते.

सकाळी नाशिकला डॉक्टर स्नेहा मॅडमनी तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं.

"मेंदूत एक रसायन असतं, पेशींना 'शांत हो' म्हणणारं. हे औषध ते वाढवतं, म्हणून फिट थांबते. पण डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात ना, त्यांच्यावरही हाच निरोप घेणाऱ्या जागा असतात. त्रास त्यानेच होतो की आणखी कशाने, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण कडेची नजर जाते, समोरचं तेवढं दिसतं. गेलेली परत येत नाही."

"मग बंद करायचं का?" छायाच्या नवऱ्याने, बहिरूने विचारलं.

"बाकीची औषधं आपण देऊन बघितली. हे थांबवलं तर फिट परत येऊ शकते. विचार करा आणि पुढच्या आठवड्यात या. तोवर एकदम बंद मात्र करू नका."

घरी दारात गाडीवरून उतरताना बहिरू म्हणाला, "धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

भागुबाईला सांगितलं, तर ती उसळलीच.

"काय बी बोलत्यात. पोरगी कशी टकामका बघती माझ्याकडं. पळापळी करती म्हणून धडकती. डोळं लय चांगलं हाय तिचं."

त्यात आज पोरीचा वाढदिवस. छाया वाटी धरून बसलेली, तोवर म्हातारीने पाट मांडला, हर्षालीला बसवून कुंकू लावलं आणि तबक घेऊन ओवाळायला लागली. दिवा कानाकडे गेला. हर्षाली समोरच बघत राहिली.

"आजी, दिवा इझला?"

"इझल कसा? हा काय."

तबक समोर आलं तशी पोरगी खुदकन हसली. ते दुसऱ्या कानाकडे गेलं.

"परत गेला," म्हणून तिने टाळ्या पिटल्या. तिला तो खेळच वाटला.

भागुबाईचा हात थांबला. आता म्हातारी गळा काढणार, आपल्यालाच बोल लावणार, असं छायाला वाटलं.

पण म्हातारीने पुन्हा ओवाळायला घेतलं. या खेपेला तबक कानापर्यंत नेलं नाही, गालापर्यंतच नेलं. मग गालापर्यंतही नाही. होता होता दिवा पोरीच्या नाकासमोर बशीएवढ्या जागेत फिरायला लागला, आणि हर्षालीचे डोळे त्याच्यामागे फिरत राहिले.

"आता जातो का गं कुठं?"

"नाय."

"छाया," तबक फिरवतच म्हातारी म्हणाली, "दे औषध. येळ टळतीय."

छाया उठली. वाटी घेऊन ती वळसा घालून पोरीच्या समोर आली, आणि तिथे बसली.