न निघालेलं जहाज

बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक तेलजहाजाची नोंद मी करतो. तेवीस वर्षं करतोय. एक जहाज सोडलं, तर वही खरी आहे.

तेलवाल्या देशांच्या संघटनेनं आम्हाला महिन्याला सहा जहाजांचा वाटा ठरवून दिलाय. सगळ्यांनी बेतानं काढायचं, म्हणजे भाव पडत नाही. आमच्या साहेबांच्या लेखी ही संघटना म्हणजे मायबाप. शाळा, दवाखाने, आमचे पगार, सगळं तिच्यामुळे. माझे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा, जहाजावर खलाशी होते. परकी बंदरं पाहून आलेले. ते म्हणायचे, "अरे, भाव चढला की तिकडं म्हातारीकोतारी थंडीत कुडकुडत बसतात. तुझ्या साहेबांचे मायबाप त्यांच्या जिवावर उठलेत." माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर साहेबांचंच सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात सातवं जहाज भरलं. "हे लिहू नकोस," साहेब म्हणाले. "लिहिलं नाही म्हणजे गेलंच नाही." संघटनेचे गोडवे गाणारे हेच! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. दाजी मात्र हसत चढले. "चला, तेवढंच कुणाला तरी स्वस्त मिळेल."

ते वादळात बुडालं, बावीस माणसांसकट. पण जे निघालंच नाही ते बुडणार कसं? कुणी शोधायला गेलं नाही. कुणी मेलं म्हणूनही कळवलं नाही.

तेव्हापासून बहीण रोज दुपारी कचेरीत येते. "तेवढं लिही रे," एवढंच म्हणते. "मग मला रडता तरी येईल." मी मान खाली घालतो. भेकड आहे मी, दुसरं काय! आणि मान वर केली की खिडकीतून ते जहाज दिसतं. काठोकाठ भरलेलं, पाण्यात खोल दबलेलं, नांगर टाकून उभं. साहेबांना दिसत नाही. मी चष्मासुद्धा बदलून पाहिला.

काल संघटनेच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी वही चाळली, मग दुर्बिणीतून बाहेर पाहिलं. "वहीप्रमाणे भरलेली सगळी जहाजं सुटलीत, बंदर रिकामं आहे. मग ते भरलेलं जहाज कुणाचं?"

साहेब हसले. "कुठलं जहाज?"

बहीण दारातच उभी होती. मग कसा कोण जाणे, बोलून गेलो. "सातवं. गेल्या महिन्यात निघालं. बुडालं. बावीस माणसं होती."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी फॉर्म काढला. जहाजाचं नाव, तारीख, दहा लाख पिंपं, सगळं नीट लिहिलं. खाली शिक्का मारला: वाट्याबाहेरचं तेल.

"आणि माणसं?" बहिणीनं विचारलं.

बाईंनी फॉर्म उलटून पाहिला. "त्याला यात रकाना नाही हो." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

मी खिडकीकडे पाहिलं. वाटलं होतं, नोंद झाली, आता जाईल. जहाज तिथंच होतं, पण हलकं होऊन पाण्यावर उंच तरंगत होतं. तेलाचा हिशेब लागला होता. कठड्याशी माणसं रांगेनं उभी होती.

बहीण माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि काचेवर बोट टेकवून मोजायला लागली. नवव्या माणसाशी बोट थांबलं, आणि ती रडली.