घशात अडकलेल्या अक्षता

मित्रांनो, मी एक जुना कार्डवाचक आहे. आमच्या काळी कॉम्प्युटरची फाइल म्हणजे जाड कागदाच्या कार्डांचा गठ्ठा असे. कार्डांना भोकं पाडून त्यात माहिती भरलेली असायची. गठ्ठा माझ्या तोंडात ठेवला की मी एकेक कार्ड आत ओढून वाचायचो. मी वाचलं नाही, तर फाइल उघडायचीच नाही. एवढं कळलं, तर माझं डोकं अजून का तापतं तेही कळेल.

१९७२ साली मी लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात आलो. काय ते कौतुक! लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे. माझी निगा मात्र एकटी बायडाबाई राखायची. ती जवळच्या औंढे गावाहून पायी झाडलोटीला येई आणि कोरड्या फडक्याने मला पुसून ठेवी. सहा वर्षं ती रोजंदारीवर होती. सातव्या वर्षी तिला कायम करायचं ठरलं. कायम होणाऱ्यांची यादी कार्डांवर होती, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती यादी मुंबईला जायची होती.

खंडेनवमीला हेडक्लार्क दत्तोबांनी माझी पूजा केली. करा की! पण हळदकुंकू आणि अक्षता थेट माझ्या तोंडात? मी यंत्र आहे की देव्हारा?

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी गठ्ठा ठेवला, तर पहिलंच कार्ड कचकन चुरगळलं. दुसरंही अडकलं. दत्तोबांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, वर आत तेल सोडलं. अहो, कागद ओढणाऱ्या यंत्रात तेल! तरीही मी चालेना, तेव्हा दत्तोबांना दोष द्यायला माणूस हवा होता.

“बायडाबाई, तूच ओल्या हातानं कार्डं पुसलीस! उद्यापासून येऊ नकोस. यादीतलं तुझं नावही काढतो.”

“भाऊसाहेब, म्या कारडांना हात बी लावला न्हाई.”

“खोटारडी!”

सगळं ऑफिस ऐकत होतं. मला वाचा असती, तर मी दत्तोबांची तिथेच खरडपट्टी काढली असती.

दुपारी पुण्याहून सीताराम मेकॅनिक आला. ओल्या हाताची कथा ऐकून तो कार्डं उन्हात वाळवायला निघाला. इतक्यात बायडाबाई दारातून आत आली.

“दादा, ह्या कारडांना माझा हात लागला म्हनत्यात. मंग त्या बंद खोक्यातलं कोरं कारड घाला की. त्याला तर कुनाचाच हात लागला न्हाई. ते नीट गेलं, तर मी आपली गपगुमान घरी जाते.”

सीतारामने खोकं फोडून कोरं कार्ड घातलं. तेही चुरगळलं! म्हणजे दोष कार्डांत नव्हताच! मग त्याने माझं झाकण काढलं. सतरा तांदूळ निघाले, मित्रांनो, सतरा! आणि तेलात कालवलेलं कुंकू. त्याने मला साफ केलं, खराब झालेली कार्डं नवी करून घेतली आणि मी खडाखडा यादी वाचू लागलो. बायडाबाईचं नाव तर मी फार आनंदाने वाचलं.

दत्तोबा ओशाळं हसले. “बरं, बरं. ये उद्यापासून.”

“येईन की. पन सगळ्यांम्होरं मला खोटारडी म्हनला न्हवं? मंग सगळ्यांम्होरंच सांगा, माझी चूक न्हवती.”

दत्तोबा माझ्या खडखडाटाच्या आडोशाने काहीतरी पुटपुटले. असा संताप आला मला! यादी संपताच सीतारामने माझं बटण बंद केलं. खोली चिडीचूप झाली.

“आता बोला, भाऊसाहेब,” तो म्हणाला.

“बायडाबाईची चूक नव्हती,” दत्तोबा म्हणाले. “माझी होती.”

आता मी गोदामात धूळ खात पडलो आहे. तरी तुम्हाला सांगतो, मित्रांनो, फाइल उघडली नाही तर आधी दुसरी घालून बघा, मग आमचं झाकण उघडा. आम्हाला पुसा, बडवू नका. आणि उगाच कुणावर आळ घेतलात, तर तो जितक्या मोठ्या आवाजात घेतलात, तितक्याच मोठ्या आवाजात मागे घ्या. पुटपुटू नका!