चालू लाइनवरचं गरम काम

कारखान्यात त्यांना सगळे परमिटसाहेब म्हणायचे. चौतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर! त्यांच्या सहीचा परवाना नसताना वेल्डिंगची ठिणगी पाडायची कुणाची बिशाद नव्हती. रिटायर झाले, पण खोड कसली जाते? घरात शेगडी पेटवायच्या आधीसुद्धा बायकोची उलटतपासणी व्हायची. बिचारीनं तेही निभावलं.

आता त्यांच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. मोठ्या रक्तवाहिनीला अशी बिलगून बसली होती, की कापायची सोयच नव्हती.

"काका, गाठीत सुई घालून ती तापवायची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवढी जळेल तेवढी जाळायची. आजार बरा होणार नाही. पण दुखणं कमी होईल, कदाचित काही महिने जास्त मिळतील."

"करा," बायको म्हणाली. महिने म्हटल्यावर तिला आणखी काही ऐकायचंच नव्हतं.

"थांब. हे वेल्डिंगसारखंच गरम काम झालं," असं म्हणून साहेबांनी पिशवीतून परवान्यांचं पुस्तक काढलं. निरोपाच्या वेळी लोक घड्याळ घेतात, ह्या गृहस्थानं कोरे परवाने मागून घेतले होते! "हा भरल्याशिवाय मी तुमच्या कागदावर सही करणार नाही."

बायकोनं कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र भल्या, त्यांनी निमूट पेन काढलं.

"जवळपास पेट घेईल असं काही?"

"पोट सकाळपासून उपाशीच ठेवलंय."

"आग विझवायची सोय?"

त्यासाठी हॉस्पिटलचा देखभाल इंजिनिअर आला. त्यानं भिंतीवरचा लाल सिलिंडर काढून खाटेला टेकवला आणि ऐटीत सही ठोकली. गडी इतका रंगात आला, की अकरा मीटरच्या आत कुणी नको म्हणून शेजारचा प्लास्टरवाला पेशंट खाटेसकट व्हरांड्यात ढकलला. तो तिथून शिव्या घालत होता, पण नियम म्हणजे नियम.

"शेजारची लाइन बंद केली?"

"रक्तवाहिनी? ती कशी बंद करणार, काका?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "चालू लाइनवर गरम काम मी जन्मात करू दिलं नाही."

बायकोचा पारा चढला. "जन्मात, जन्मात! अहो, जन्म संपायला आलाय!" आणि तिला रडूच फुटलं. "मला एकटीनं राहायची भीती वाटते हो. तुम्हीही घाबरलायत, म्हणून हे सगळं नाटक."

इंजिनिअर उगाच सिलिंडरवरची तारीख वाचू लागला.

"काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "रक्त वाहतं असतं म्हणूनच ती नळी वाचते. उष्णता वाहून नेतं ते."

साहेब छताकडे बघत म्हणाले, "भरल्या पाइपावर वेल्डिंग करायची तशी पद्धत आहे. प्रवाह चालूच ठेवायचा, थांबला की पाइप फाटतो. मी कधी मंजूर केली नाही." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "भीती वाटायची."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. 'जागेचा मालक' असा रकाना होता. "परवाना देणारा स्वतःच मालक असू शकत नाही. इथं तू सही कर."

तिनं डोळे पुसून सही केली. मग त्यांनी हॉस्पिटलच्या कागदावर केली.

दीड तासानं डॉक्टरीणबाई ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्या. "बरीचशी जळाली. नळीला लागून थोडी राहिली, तिथली उष्णता रक्तानं नेली." दिवसभरात त्यांनाही शिस्त लागली होती, त्यांनी परवाना पुढे केला. "काकू, बंद करायला मालकाची सही लागते."

तिनं ओळ दोनदा वाचली. 'काम संपले, जागा परत मिळाली.'

"मी नाही करत सही," ती म्हणाली. "काम राहिलंय ना? मग मुदतवाढ द्या."

"काकू, तिथं पुन्हा जाळणं..."

"पुन्हा जाळा असं कोण म्हणतंय? परवाना चालू ठेवा, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी मुदतवाढीचा रकाना शोधून सही केली.

परवाना घेऊन ती खाटेपाशी गेली आणि त्यांना दाखवला. साहेबांना धड डोळे उघडवत नव्हते, तरी पुटपुटलेच, "मुदतवाढ एका वेळी एकाच दिवसाची मिळते. नियम आहे."

"मग रोज घेईन," ती म्हणाली, आणि तिनं उद्याची तारीख घातली.