दीडाचं माप

आमच्या खात्याचं काम म्हणजे लोक घरी बसून किती अँटिबायोटिक गिळतात ते मोजायचं. कित्येक वर्षं बरेच देश हा हिशेब ठेवतात आणि दरवर्षीच्या सभेत सगळ्यांच्या रेघा भिंतीवर शेजारी शेजारी झळकतात. कुणाची चढते, कुणाची उतरते. आमची चढायची. शिंक आली की अँटिबायोटिक, आणि एक डॉक्टर नाही म्हणाला तर दुसरा डॉक्टर!

ही रेघ काढायची मी, आणि खात्याची प्रमुख माझी सख्खी थोरली बहीण. वशिल्याने चिकटली, असं लोक म्हणायचे, म्हणून मी प्रत्येक आकडा दोनदा तपासायचे. यंदा सगळ्या देशांच्या तपासनीस समितीवर माझं नाव जायचं होतं. तिथे वशिला चालत नाही, हिशेब चोख लागतो. आयुष्यात ही एकच गोष्ट मला ताईशिवाय मिळणार होती.

मोजणी गोळ्यांची नसते, मापाची असते. मोठ्या माणसाचा एका दिवसाचा डोस म्हणजे एक माप. सगळ्यात जास्त खपणाऱ्या औषधाचं माप एक ग्रॅम होतं, ते मध्येच दीड ग्रॅम ठरलं. आता धान्य तेवढंच ठेवून मापटं मोठं घेतलं, तर मापं कमी भरणारच. म्हणून मागची वर्षंही नव्या मापाने पुन्हा मोजायची असतात. मी मोजली. रेघ चढतीच राहिली.

ताईने कपाळाला आठ्या घातल्या. "वरच्यांना यंदा उतरती हवीय. मागची वर्षं जुन्या मापाने ठेवली तर?"

"तर धाडकन खाली येईल. पण ते मापात पाप झालं, ताई."

"अगं, नुसती बघायला तर काढ."

थोरल्या बहिणीने मागितली, मी काढून दिली. वर ठळक अक्षरांत 'फक्त तुलनेसाठी' असं लिहायला मात्र विसरले नाही.

सभेच्या दिवशी भिंतीवर तीच उतरती रेघ होती आणि ठळक अक्षरं गायब. आमच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला, लोक शहाणे झाले, असं ताई रंगवून सांगत होती. टाळ्या पडल्या. मी उठणार, तेवढ्यात शेजारच्या देशाच्या पाहुण्या बाईंनी हात वर केला.

"तुमची रेघ नेमकी माप बदललं त्याच वर्षी पडते. मागची वर्षं पुन्हा मोजलीत ना?"

ताईने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की मला वाटलं, आता ही खरं बोलेल.

"चिमणे, राहून गेलं का गं तुझ्याकडून?"

चाळिशी उलटलेल्या बाईला भरल्या सभेत घरातल्या नावाने हाक! मग ती पाहुण्यांकडे वळली. "धाकटी बहीण आहे माझी. पण मी तपासायला हवं होतं. जबाबदारी माझीच." काय ते मोठं मन! लोक अगदी हळहळले.

"मी दोन्ही रेघा काढल्या होत्या," मी म्हणाले. "ताईला सांगितलंही होतं, की..."

ताईने माझा खांदा थोपटला. "असू दे. रडू नकोस."

मी रडत नव्हते. तिने म्हटल्यावर मात्र डोळे भरून आले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. समितीवर कुणाचं नाव जाणार नाही हे सांगायला मग कुणी लागलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "ताईला एक फोन कर गं. बिचारी जेवली नाहीये."

"आई, खोटं ती बोलली. माझ्या नावावर."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "असं करावं लागलं तर चिमणी समजून घेईल ना, म्हणून सकाळीच विचारून गेली होती. मी म्हटलं, घेईल."