चाळीस जणांनी धरलेला खांब

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. आमच्या टॉरविक गावातल्या निम्म्या लोकांचाही बसत नाही, आणि ते तर त्या दिवशी तिथे हजर होते. तरी मी सांगणारच. भर सामन्यात उपटला, बर्फात आडवा पडला, पुन्हा उभा राहिला, चाळीस जणांनी हातांनी धरून ठेवला आणि ज्याच्यावरून चेंडू जाऊन सामना जिंकला, असा जगाच्या पाठीवर एकच खांब आहे. तो मी.

मी एक जुना गोलखांब आहे. अगदी खरं बोलायचं तर गोलखांबाचा साडेसात फुटांचा तुकडा आहे, पण बोलायला तेवढा पुरतो. माझा रंग पिवळा. जिथे पिवळा नाही तिथे गंज, आणि एका जागी माझ्या मालकिणीने, मर्नाने, मागच्या वर्षी चिकटवलेली पट्टी.

माझा जन्म गावातल्या कॉलेजच्या शेतकी कर्मशाळेत झाला. विहिरी खोदणाऱ्या मंडळींकडे नळ्या उरल्या होत्या, त्यातून मास्तरांनी दोन गोलखांब जोडायला लावले: खाली एक पाय, त्यावर आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकांना दोन उभे हात. आम्ही जुळे भाऊ. भावाचा सांधा सुबक बसला. माझ्या वेळेला जोडणाऱ्या पोराला शिंक आली आणि मी मानेत किंचित तिरका झालो. मास्तर म्हणाले, "हा धावफलकाखाली लावा. तिथे लोक आकडे बघतात, खांब कोण बघतंय?" म्हणून भाऊ गेला नदीच्या टोकाला आणि मी राहिलो धावफलकाच्या पायाशी.

आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे तुमचा नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबोडका, बराच वेळ तो काखेत मारूनच पळायचं. पाय लावायचा तो शेवटचा उपाय म्हणून. मग तो चेंडू आमच्या दोन उभ्या हातांच्या मधून, आडव्या दांड्याच्या वरून गेला पाहिजे. गेला की तीन गुण. आमच्या संघाचं नाव सारस, म्हणून प्रेक्षक टाळ्या वाजवत नाहीत, माना वर करून सारसासारखे ओरडतात. पाच हजार माणसं एकदम तशी ओरडली की खरे सारस नदीवरून उठून बघायला येत. एकदा तर वाऱ्याने एक चेंडू माझ्या दोन हातांच्या मध्ये असा काही तोलून धरला, की शनिवारी मारलेला चेंडू सोमवारी दुपारी खाली पडला. पंच तोपर्यंत घरी गेले होते, त्यामुळे गुण मिळाले नाहीत. ते असो.

नोव्हेंबरात धावफलकाच्या दिव्यांची ऊब मला मिळे. भावाला नदीवरचा वारा मिळे. पण त्याने कधी कुरकुर केली नाही.

आता मुख्य गोष्ट. एक्क्याऐंशी साली सारस पहिल्यांदा बाद फेरीत पोचले. हरलं की घरी, अशी ती फेरी. डिसेंबरचा शनिवार होता आणि बर्फ असा पडत होता की माझ्या डोक्यावरच्या धावफलकावर आकडे आहेत की नाहीत तेही कळेना. पाहुणे सोळा, सारस चौदा. शेवटचे काही क्षण उरलेले. आमचा एक गडी चेंडू घेऊन सुटला तो सुटलाच. बर्फाच्या पडद्यापलीकडून आरोळी आली, शेवटचा भोंगा वाजल्यासारखा वाटला, आणि लोकांना वाटलं, जिंकलो.

जिंकलं की गोलखांब उपटायचा ही आमच्याकडची रीत. उपटायचा, खांद्यावर घ्यायचा, गावातून मिरवायचा आणि नदीत बुडवायचा. विद्यार्थी बसत धावफलकाखालच्या बाकांवर. त्यांनी माझ्यावर उड्या घेतल्या. चाळीस पोरं माझ्या अंगाला लोंबकळली, आणि सिमेंटात चार फूट रोवलेला मी दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखा मुळासकट बाहेर आलो.

तेवढ्यात शिट्टी. त्या गड्याचा पाय शेवटच्या रेषेच्या पंधरा यार्ड आधीच कडेच्या रेषेबाहेर पडला होता. सामना संपला नव्हता. घड्याळात तीन सेकंद शिल्लक होते आणि सारसांना एक लाथ मारायची होती.

पंच आला. मिशांवर बर्फ. आडव्या पडलेल्या माझ्याकडे त्याने बघितलं, पोरांकडे बघितलं आणि म्हणाला, "ज्यांनी पाडलाय त्यांनीच धरा. आणि हलला तर याद राखा."

चाळीस जणांनी मला उभा केला. डोळे मिटून, खांद्याला खांदा लावून धरला. लाथ मारायची होती वेंडल ट्वेटने. एकवीस वर्षांचा, बारीक अंगाचा, फारसा न बोलणारा पोरगा. लाथ मारणाऱ्याने मान खाली ठेवायची असते, चेंडू गेल्यावरसुद्धा, म्हणून त्याने ठेवली. मला धप्प आवाज ऐकू आला. मग चेंडू आला, फिरत फिरत, डावीकडे कलत, आणि चाळीस जण, देवाशप्पथ सांगतो, चाळीसच्या चाळीस जण मला घेऊन दोन पावलं डावीकडे सरकले. चेंडू माझ्या दोन हातांच्या मधून गेला. पाच हजार सारस ओरडले. वेंडल मान वर करीपर्यंत त्याच्यावर अख्खा संघ येऊन पडला होता.

मग काय, दुसरा खांबही गेला. पोरांनी माझ्या भावाला उपटला, मिरवत नेला आणि रीतीप्रमाणे नदीत टाकला. तो अजून तिथेच आहे. काय सांगायचं ते माशांना सांगत असेल.

मलाही टाकणार होते. पण मर्ना स्टोरडाल नावाची एक मुलगी, वाद्यवृंदात सगळ्यात मोठा भोंगा वाजवणारी, बापाची लोखंड कापायची करवत घेऊन आली. "हा बुडवायचा नाही," ती म्हणाली. "ह्याने सामना जिंकलाय." तिने माझे तुकडे केले आणि सगळ्यांत लांब तुकडा स्वतःकडे ठेवला. बाकीचे गावभर वाटले. आज गावात माझे इतके तुकडे आहेत की जोडले तर मी चर्चच्या मनोऱ्याहून उंच भरेन. त्यातले बरेच जण नुसत्या नळ्या आहेत, पण मी कोणाचं नाव घेणार नाही.

पुढची वर्षं सुखाची म्हणता येणार नाहीत. मी मर्नाकडे कपडे वाळत घालायचा दांडा झालो. मग कोंबड्यांच्या खुराड्याचा टेकू. मग चौदा वर्षं गॅरेजमागे खाजकुयलीत पडून होतो. मैदान नवं झालं, धावफलकही नवा झाला आणि तो नदीच्या बाजूला उभा राहिला, हे मला तिथे पडल्या पडल्या ऐकू आलं. शेवटी एका शनिवारी मर्नाच्या तंबूची काठी मोडली तेव्हा तिला मी आठवलो. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी मैदानाबाहेरच्या आवारात, तिच्या गाडीमागे, मी तंबू उचलून धरतो. माझ्या खाली शेगडीवर चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्शाचं, पातेलं रटरटतं, बाजूला दालचिनीचे गोड रोल असतात. इथले लोक रोल चिलीत बुडवून खातात. लोक खाता खाता एक्क्याऐंशीचा सामना पुन्हा खेळतात. दर वर्षी तो थोडा मोठा होतो. पहिल्या वर्षी खांब एक पाऊल सरकला होता. आता दोन झालीत.

ह्या तंबूत वेंडल कधी आला नव्हता. सामन्यानंतरची पहिली काही वर्षं तो लोकांत यायचा. मग कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणायचं, "वेंडल, तू मारलीस तुझी लाथ, पण खांब सरकवून जिंकवलं आम्ही." तो हसायचा. पाचव्या की सहाव्या वर्षी हसला नाही. नंतर आलाच नाही.

आज आला. अडतीस वर्षांनी सारसांचा बाद फेरीचा सामना पुन्हा घरच्या मैदानावर आहे. सकाळचे दहा, कोरडी थंडी, आवार भरलेलं. लाईल क्वाम, माझ्या चाळीस जणांपैकी एक, तिसरा रोल खात होता. बांधा मोठा, आवाज त्याहून मोठा. समोर एक बारीक अंगाचा माणूस येऊन उभा राहिला, कानावर टोपी ओढलेली.

"वेंडल?" मर्नाने पळी खाली ठेवली. "अरे, तू? मी तर म्हटलं, तू मला न सांगताच मेलास."

"सांगितलं असतं," वेंडल म्हणाला.

"बस. खा आधी. लाईल, त्याला तो रोल दे."

"हा माझा आहे."

"तुझे दोन पोटात गेलेत. दे."

वेंडल बसला. चिली हातात घेतली, पण चमचा लावला नाही. माझ्याकडे वर बघत राहिला.

"हाच का तो?"

"हाच," लाईल म्हणाला. "हात लाव. नशीब उजळतं."

वेंडलने हात लावला नाही. "मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "ते विचारायलाच आलोय. थट्टा नको. तुम्ही सरकला होतात का?"

लाईल नेहमीचं उत्तर द्यायला पुढे झाला.

"अडतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतोय," वेंडल म्हणाला. "मी खूण करतो तिथे माणसं कुंपण घालतात. भावाभावांची भांडणं माझ्या शब्दावर मिटतात. आणि माझी एक लाथ सरळ गेली का वाकडी, ते मला ठाऊक नाही. मान खाली होती. मी आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली, आणि ती मी केली का तुम्ही केली, ते मला कळत नाही."

पातेल्यात बुडबुडे फुटत होते.

"अरे, तसं काही..." लाईल म्हणाला. "थंडी होती. हललो असू जरासं. नसू पण."

"हो का नाही ते सांग, लाईल."

"खरं सांगू? माझे डोळे मिटलेले होते. सगळे म्हणाले सरकलो, म्हणून मीही म्हणालो."

"म्हणजे तू बघितलं नाहीस," मर्ना म्हणाली. "अडतीस वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि तू बघितलं नाहीस."

"तू कुठे बघितलंस?"

"माझ्या तोंडापुढे भोंगा होता."

मित्रांनो, अशा वेळी जुन्या वस्तूचं मोल कळतं. माणसं डोळे मिटतात, माणसं विसरतात. वस्तू विसरत नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, गॅरेजमागे पडलेल्याला, गंज चढलेल्याला टाकून देऊ नका. त्याला पुसा, तेल लावा, उन्हात ठेवा. एखादे दिवशी खरं काय ते सांगायला सगळ्या गावात तोच एक साक्षीदार उरलेला असतो. मी तिथे होतो. चेंडू माझ्यावरून गेला. मी स्वतः...

"पण मी तिथे होतो, एवढं तर मान," लाईल दुखावून म्हणत होता. "मी खांब सोडला नाही. वर धावफलकाचा दिवा फुटला, फट्‌ करून, काच माझ्या कॉलरीत गेली. ही बघ खूण. तरी नाही सोडला."

वेंडलचा चमचा वाटीपाशी थांबला.

"कसला दिवा?"

"धावफलकाचा. आमच्या डोक्यावरच तर होता."

"तेव्हा धावफलक कुठे होता, मर्ना?"

"आता आहे तिथेच. नदीकडे." ती थांबली. "नाही. नव्हता. तो नवा झाला तेव्हा तिकडे नेला. आधी ह्या टोकाला होता, विद्यार्थ्यांच्या बाकांवर."

वेंडलने वाटी खाली ठेवली आणि मैदानाकडे वळून बसला. उजवा हात वर केला, मग डावा. जमीन मोजणारा माणूस दिशा ठरवताना करतो तसा.

"मी नदीकडे तोंड करून मारली होती," तो म्हणाला. "वारा तोंडावर होता. धावफलक माझ्या पाठीमागे होता, लाईल. ह्या खांबावरून काही गेलेलं नाही. माझ्यासमोरचा खांब सिमेंटात होता. तो हलूच शकत नव्हता."

लाईलने मैदानाचं एक टोक बघितलं, मग दुसरं.

"मग आम्ही चाळीस जण," तो म्हणाला, "एवढा वेळ काय धरून उभे होतो?"

मर्ना आधी हसली. मग लाईल. वेंडल शेवटी हसला, पण मग त्याला थांबताच येईना. डोळे पुसत त्याने लाईलच्या हातातला रोल घेतला, चिलीत बुडवला आणि सगळाच्या सगळा खाल्ला.

मर्नाने वर माझ्याकडे बघितलं आणि पळीने मला एक टोला दिला. "आणि तू रे, लबाडा?"

मी ठण्ण वाजलो. दुसरं काय करणार?