पुजली, पण पुसली नाही

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी रायफल होते. आता मी काय आहे याबद्दल पोलीस ठाण्यात एक कागद आहे. त्यावर ‘लोखंड, वाकडे, नग एक’ असे लिहिले आहे. त्यातले एकही अक्षर खोटे नाही, म्हणून मी रागावत नाही.

माझा जन्म १८७९ साली विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाचा दस्ता, पोलादाची नळी आणि खालच्या बाजूला एक दांडी. दांडी खाली ओढली की माझे मागचे दार उघडते. काडतूस आत ठेवायचे, दांडी वर घ्यायची, चाप ओढायचा. मी लढाईसाठी जन्मले होते आणि त्याचा मला गर्व होता. मात्र जहाजातून उतरल्यावर कोठाराच्या कारकुनाने मला चुकून ‘तंबूचे खांब’ या सदरात लिहिले. सरकारी वहीत एकदा खांब झालेल्या वस्तूची पुन्हा बंदूक होत नाही. बावीस वर्षे मी तंबूच्या खांबांत पडून होते. एका पावसाळ्यात एका शिपायाने माझ्या आधाराने खरोखरच तंबू उभा केला. माझा लढाईचा अनुभव तेवढाच.

पुढे माझ्यासारख्या रायफली जुन्या झाल्या. नव्या आल्या, आम्ही भंगारात गेलो. कोठारामागून कोठार आणि भंगारवाल्यामागून भंगारवाला करत १९५३ साली मी हरिसिंग नायकांच्या हाती लागले.

हरिसिंग नायक म्हणजे घाटंजीपासून तीन कोसांवरच्या एका बंजारा तांड्याचे प्रमुख. जुन्या लष्करी रायफली जमवणे हा त्यांचा छंद होता. छंद कसला, वेडच. कापूस विकला की लोक बैल घेत, लुगडी घेत. नायक कामठीकडच्या भंगारात बंदुका उलथत बसत. त्यांचे कारण सरळ होते. त्यांच्या आजा-पणजांनी लदेणी केलेली, म्हणजे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या मागे पोचवलेले.

“फौज कोनाची बी असो,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “दाना आमचाच खाल्ला. पन आमच्या हाती कोनी बंदूक देली नाही. मंग मीच घेतल्या.”

अशा आम्ही अकरा जणी बैलांच्या जुन्या कोठ्यात राहत होतो. दहा जणी भिंतीवरच्या खुंट्यांना आडव्या. मी मात्र लाडकी, म्हणून मला मधोमध लाकडी पाटावर, तोंड वर करून उभे केले होते. माझ्याजवळ एका डबीत एक काडतूसही होते, माझ्याच वयाचे. पाहुण्यांना माझा इतिहास सांगितला जाई. मी एकशे सत्तावन्न पठाण मारले होते. हा आकडा नायकांनी कोठून आणला मला ठाऊक नाही; पण दरवर्षी तो तेवढाच राही, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

आमची देखभाल नागोराव करीत. शेजारच्या गावचे, पलटणीतून हवालदार म्हणून परत आलेले. दर रविवारी ते येत. एक लांब दोरी, तिच्या टोकाला तेलात भिजवलेली चिंदी. ती माझ्या नळीतून एकदा, दोनदा, दहादा ओढत. मग मागचे दार उघडून मला सूर्याकडे धरत आणि एक डोळा मिटून आत पाहत.

“उजेड गोल दिसला पाह्यजे,” ते म्हणत. “चपटा दिसला तं समजा बंदूक बिमार हाये.”

नायक बाजूला बसून चिलीम ओढत. दोघे तासन् तास असेच बसत. मित्रांनो, कोणी आपल्या आत वाकून उजेड शोधावा, यापेक्षा मोठे सुख मी पाहिलेले नाही.

खंडेनवमीला आमची पूजा होई. नागोराव पुसत, नायक कुंकू लावत, मग दोघेही हात जोडत. तीन वर्षे असे झाले.

१९५६ च्या दसऱ्याला नागोराव नागपूरला गेले आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. त्यांच्यासाठी नायकांनी आमची पूजा तीन दिवस खोळंबून ठेवली होती. नागोराव पांढऱ्या कपड्यांत आले, नेहमीप्रमाणे अकराही जणींना पुसून लख्ख केले, आणि कुंकवाचे ताट आत येताच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

“आत या ना, हवालदार,” नायक म्हणाले.

“पुसून देतो मी, नायक. म्हनसान तितकं चमकवतो. पन हात नाही जोडत आता.”

“कायले? तीन वर्स तं जोडले.”

“तीन वर्स चुकलो.”

“बंदुकीनं काय बिघडवलं तुमचं?”

“काहीच नाही केलं तिनं. म्हनूनच म्हनतो, काही न करनाऱ्या लोखंडाले नमस्कार कायले?”

माझ्याविषयी इतके अचूक कोणी बोललेले नव्हते. पण नायकांना ते लागले. एकशे सत्तावन्न पठाणांचा प्रश्न होता. त्यांनी ताट खाली ठेवले.

“हात जोडायचे नसन तं हात लावू बी नका,” ते म्हणाले.

नागोरावांनी दोरी गुंडाळली, चिंदी खिशात घातली आणि ते गेले. पुढल्या रविवारी कोणी आले नाही. त्याच्या पुढल्याही नाही.

नायकांना वाटले, पुसणारा गेला तर पूजा वाढवावी. दसऱ्याला तांड्यात लापशी होते, गव्हाच्या भरड्याची, गूळ आणि तूप घालून. तिचा भोग विस्तवात देतात. नायकांनी मात्र त्यातला घास उचलला आणि माझ्याकडे आले.

“नायक, भोग विस्तवात देतेत,” त्यांची बायको भुरीबाई म्हणाली. “लोखंडाच्या तोंडात कोन देते?”

“तोंड हाये ना तिले?”

“तोंड तं रांजनाले बी हाये.”

“रांजनानं पठान नाही मारले,” नायक म्हणाले, आणि घास माझ्या नळीत गेला. वरून तूप.

पहिल्या वर्षी तुपामुळे मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. मग मुंग्या आल्या. मुंग्या गेल्यावर कुंभारमाशी आली आणि तिने उरलेल्या जागेत मातीचे घर बांधले. दुसऱ्या दसऱ्याला तिच्या घरावर पुन्हा लापशी. अशी सहा वर्षे. भिंतीवरच्या दहा जणी आडव्या होत्या, त्यांच्या तोंडापर्यंत कोणाचा हात पोचला नाही. लाडके असण्याचे तोटे मला तेव्हा समजले. बाहेरून मी कुंकवाने लाल होते आणि आतून घट्ट बंद. उजेड गोल नव्हता, चपटाही नव्हता. तो नव्हताच.

१९६३ च्या उन्हाळ्यात ठाणेदार आले. हत्यारांचा नवा कायदा आला होता. ते भले गृहस्थ होते आणि त्यांना जेवणाच्या आत परत जायचे होते. त्यांनी नायकांना नीट समजावले: चालती बंदूक असेल तर ठाण्यात जमा, निकामी असेल तर भिंतीवर राहू द्या, हरकत नाही. कागदावर अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत ‘निकामी’ हा शब्द आणि सगळ्यात खाली नायकांचा एक अंगठा, इतकेच हवे होते. बंदुकांची पारख असलेला माणूस म्हणून त्यांनी नागोरावांना बोलावून आणले होते. साडेसहा वर्षांनी नागोराव कोठ्यात आले.

दहा ओळी पटापट झाल्या. दर ओळीला नायक मान खाली घालून ‘हाव’ म्हणत होते. मग माझी पाळी आली. नागोरावांनी मागचे दार उघडले आणि मला सूर्याकडे धरले. बराच वेळ धरून ठेवले. त्यांचा मिटलेला डोळाही उघडला.

“काय घातलं हो हिच्यात?” त्यांनी विचारले.

“भोग,” नायक म्हणाले.

“निकामी लिहा, साहेब,” नागोराव ठाणेदारांना म्हणाले. “हिच्यातून हवा बी जात नाही.”

नायक उठले. “सहा वर्स वाट पाह्यली तुमी या दिवसाची, हवालदार. हात जोडले नाही म्हनून हाकललं, तं आता तिले मेलेली सांगता?”

“नायक, तसं नाही. दोरी टाकून पाहू द्या एकडाव.”

“हात लावू नका म्हटलं होतं.”

ठाणेदारांनी घड्याळ पाहिले. “नायक, एक शब्द आहे. अंगठा लावा, अकराही घरात राहतील.”

“त्या शब्दाखाली माहा अंगठा लागनार नाही,” नायक म्हणाले. “दहाच्या दहा निकामी लिहिल्या, मी बोललो काय? पन हे चालते. दाखवतो मी.”

“अन् चालली तर मला न्यावी लागेल,” ठाणेदार म्हणाले.

“न्या. चालती म्हनून न्या.”

त्यांनी डबीतले काडतूस काढले आणि मला घेऊन अंगणात आले. भुरीबाई दारातून म्हणाली, “राहू द्या ना नायक, उन्हाचं.” नागोराव धावले, पण त्यांच्यात आणि नायकांच्यात अर्धे अंगण होते. चौऱ्याऐंशी वर्षे मी या क्षणाची वाट पाहिली होती. आता तो मला नको होता. पण चाप ओढल्यावर नाही म्हणण्याची सोय कारखान्याने माझ्यात ठेवलेली नाही.

मी गोळी पुढे ढकलली. लापशीने ती अडवली. मधल्या मधे माझी नळी फाटून वाकली, आणि नळीखाली नायकांचा डावा हात होता.

नागोरावांनी आपला पांढरा दुपट्टा फाडून मनगटावर आवळला. बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एका ट्रकमधून ते नायकांना यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत नायकांनी शुद्धीवर येऊन एकच गोष्ट विचारली, असे मी नंतर ऐकले.

“आवाज कसा झाला?”

“चांगला झाला,” नागोराव म्हणाले.

हात मनगटापासून कापावा लागला.

पाच आठवड्यांनी ठाणेदार परत आले, सोबत कागद घेऊन एक जमादार. नायक खाटेवर बसले होते. त्यांनी स्वतःच सांगितले, “लिहा निकामी. अकराही लिहा.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. जमादाराने लिहिले, शाईची गादी उघडली आणि तो थांबला.

“डावा अंगठा लागते,” तो म्हणाला.

मग नागोराव म्हणाले, “उजवा घ्या ना.”

“उजवा बायांचा असते. पुरुषाचा डावा. छापलेलं हाये.”

“मंग माहा घ्या उजवा,” भुरीबाई म्हणाली.

“बंदुका तुमच्या नावानं नाहीत, बाई.”

ठाणेदारांनी कागद उलटून पाहिला. त्यांना वाईट वाटत होते, ते दिसत होते. पण अंगठ्याशिवाय कागद अपुरा आणि अपुऱ्या कागदाच्या बंदुका जमा, असा नियम होता. दहा जणींना कासऱ्याने बांधून, जळतणाच्या मोळीसारखे, बैलगाडीत घातले. मला उचलल्यावर जमादाराने विचारले, “हे काय लिहू?” ठाणेदार म्हणाले, “ही बंदूक नाही आता. लोखंड लिही.” अशा रीतीने नायकांच्या सगळ्या संग्रहातून मी एकटीच घरी राहिले. ज्यांनी त्यांचे काहीही बिघडवले नव्हते, त्या गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी नागोराव दोरी आणि चिंदी घेऊन आले. दारात थांबले नाहीत. सळई तापवून त्यांनी माझ्या उरलेल्या नळीतला भोग फोडून काढला. लापशी, माती, लापशी, माती. झाडाच्या खोडासारखी वर्षे मोजता येत होती. वाकड्या नळीतून दोरी ओढायची तर दुसऱ्या कोणाला तरी नळी धरावी लागते. नायकांनी उजव्या हाताने मला धरले.

“आता तुमी बी माह्यासारखेच, नायक,” नागोराव खाली पाहत म्हणाले. “हात जोडता येत नाही.”

नायकांनी चिंदीकडे पाहिले.

“तेल जास्त होऊन राह्यलं,” नायक म्हणाले.

मी काही आता सरळ होणार नाही. माझ्यातून सूर्य पाहिला तर तो भलतीकडेच दिसतो. तरी ते दर रविवारी पुसतात, का ते दोघांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना दुर्लक्षातला आणि पूजेतला फरक कळत नाही, कारण गंज दोन्हींत सारखाच चढतो. तुमच्या घरात एखादे जुने यंत्र, भांडे, हत्यार असेल, तर त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी कमी सांगा आणि कधीतरी त्याच्या आत डोकावून पाहा. आणि ते आजारी आहे असे सांगणारा माणूस तुमच्या दारात आला, तर त्याचे हात जोडलेले आहेत की नाही ते पाहत बसू नका. त्याला आधी आत बसवा, आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका.